दाराबाहेरची विद्यार्थिनी

नेहमीसारखाच दुपारी चारला संगीताचा वर्ग भरला होता. छापखान्यावरची एकच खोली, वीस मुलं आणि दमेकऱ्यासारखी धापा टाकणारी एक पेटी. एकविसावी विद्यार्थिनी मात्र दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. नऊ वर्षांची. तिला सगळे टकटक म्हणत. भांडं, भिंत, स्वतःचा गुडघा, हाताला लागेल त्यावर ती बोटं वाजवायची.

तिचा बाप ढोल मढवायचा. वर्गातला प्रत्येक ढोल त्याच्याच हातचा. पण कातड्याचं काम करणाऱ्याची पोर आपल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसणार म्हटल्यावर पालकांचं पित्त खवळलं. ढोल चालतो, ढोलवाल्याची लेक चालत नाही, असलं हे शहाणपण! वकिलीणबाई त्यांच्या म्होरक्या.

"मास्तर, ती आत आली तर उद्यापासून आमची मुलं येणार नाहीत. बघा बुवा, तुमचं तुम्ही."

मास्तर मनानं वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी सुवर्णमध्य काढला: मुलगी बाहेर बसेल, दार उघडं राहील. सगळ्यांची मनं राखल्याचं त्यांना केवढं समाधान! मग थंडी पडली. वारा आत येतो म्हणून दाराला कडी लागली.

एक दिवस मास्तरांनी सात मात्रांचा अवघड तुकडा विचारला. वीस माना खाली. तेवढ्यात बंद दाराच्या फळीवर बोटं पडली, एकही मात्रा न चुकता. मुलं खुदकन हसली. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून वकिलीणबाईंनी मास्तरांकडं नुसतं पाहिलं.

"चला, पुढचा धडा," मास्तर म्हणाले. त्यांनी दार उघडलं नाही.

त्यानंतर आठवडाभर टकटक खोकत खोकत येत राहिली. मग यायची थांबली. कंटाळली असेल पोर, असं मास्तरांनी स्वतःला समजावलं.

काही दिवसांनी ढोलवाला नवा ढोल घेऊन आला आणि सवयीनं दाराबाहेरच थांबला.

"काय रे, टकटक कुठाय?"

"गेली, मास्तर. छाती भरली होती. तापातसुद्धा खाटेच्या कडेवर वाजवत होती. म्हणायची, बाबा, मास्तरांना ऐकू गेलं असेल ना?"

मास्तरांना ऐकू गेलं होतं. स्वच्छ ऐकू गेलं होतं.

त्याच संध्याकाळी छापखान्यातून स्क्रू ड्रायव्हर मागून आणून त्यांनी ते दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. तासभर लागला. त्या दिवशी नुसती कडी काढायची होती.

दुसऱ्या दिवशी विसातली तीनच मुलं आली. त्या तिघांवर आपली ही शाळा उभी राहिली. आज तिच्या चार खोल्या आहेत. कुणाकडून फी घेत नाहीत, कुणाची जात विचारत नाहीत, आणि एकाही खोलीला दार नाही. ते जुनं दार विटांवर आडवं टाकलंय. नवं मूल पहिला ताल त्याच्यावरच शिकतं.

ढोलवाला आता म्हातारा झालाय. अजूनही ढोल ताणून द्यायला येतो आणि वरच्या पायरीवरच बसतो.

"आत या हो, हात जोडतो," मास्तर दर वेळी विनवतात.

"नको, मास्तर. माझी पोर इथवरच आली होती. मी तिच्या पुढं कसा जाऊ?"