उघडून बघायची खोड

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी त्यांची एकच वस्तू मागितली, आणि नेमकी तीच जमिनीत रुजलेली होती. जुन्या घरामागचं झुडूप. इथल्याच रानातलं, ओढ्याकाठी वाढणारं, बारा महिने हिरवं. घर विकलं गेलं होतं. ते पाडायच्या आदल्या दिवशी आम्ही झुडपाच्या चार फांद्या कापून आणल्या. दुसऱ्या दिवशी घराबरोबर झुडूपही गेलं.

आमच्या मागच्या भिंतीला ऊन शिवत नाही. तिथे टॉवेलसुद्धा दोन दोन दिवस वाळत नाही. झुडपाला हवी होती तशीच जागा. मी मातीत कुजलेला पाला मिसळला, फांद्या खोचल्या, ओल राखली. आता फक्त वाट बघायची होती.

तेच सासऱ्यांना जमेना. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. गप्प बसलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दर रविवारी ते एकेक फांदी हळूच उपटत, भिंगातून बूड निरखत आणि परत खोचून ठेवत. मला पत्ता लागला तोवर तीन फांद्या वाळल्या होत्या.

मी तोंडाला येईल ते बोलले. "बाबा, कोवळी मुळं तुम्हीच तोडलीत!"

ते मान खाली घालून ऐकत राहिले. मला स्वतःचीच लाज वाटली.

"मग चालू आहे की बंद, कळायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"नवीन पान फुटेल."

"तोवर?"

"तोवर हात खिशात."

दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या झाकणात ते तारीख कोरत. तक्रार नसेल तर वर्षभर ते उघडायचं नाही, हा दुकानाचा नियम. त्यांनी पत्र्याच्या पट्टीवर तारीख कोरली आणि ती उरलेल्या फांदीशेजारी रोवली. रोज सकाळी ते तिथे खुर्ची टाकून बसत, हात खरंच खिशात.

अकराव्या आठवड्यात टोकाला दोन पानं फुटली. सासरे लहान मुलासारखे हसले. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. फांदीत साठलेल्या रसावरही पानं येतात. मुळं नसली तर महिन्याभरात माना टाकतात. खात्री करायला हवी होती. मी खाली बसले, बुडाशी बोटं घातली.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"चालू घड्याळ उघडायचं नसतं, पोरी."

"पण मुळं नसली तर?"

"तर कळेलच," ते म्हणाले. "आज मला ती चालू दिसतेय."

मी बोटं बाहेर काढली आणि माती परत नीट दाबली.