बंद करू नये

शनिवारी सकाळी दहाला सुमंतने यंत्राच्या बटणावर बोट ठेवले आणि न दाबताच उचलले.

"तू कर," तो हर्षिताला म्हणाला.

"मी का? सेक्रेटरी तू आहेस."

बटणाच्या वर एक कागद चिकटवला होता: 'बंद करू नये.' अक्षर नरसिंहअण्णांचे. बसवनगुडीतल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत त्यांनी संगणक मंडळाचा सर्व्हर अनेक वर्षे सांभाळला. जानेवारीत ते गेले. महिनाअखेरीस त्यांची पत्नी अहल्या घर सोडून मुलाकडे देवनहळ्ळीला जाणार होती, म्हणून सर्व्हर मल्लेश्वरमच्या वाचनालयात हलवायचा होता. मंडळात पगारी कोणी नाही. सुट्टीच्या दिवशी जमेल तसे काम चाले.

संकेतस्थळ, मेल, जुने धडे हर्षिताने नव्या यंत्रावर आधीच नेले होते. राहिली होती फोनवाणी. त्या क्रमांकावर फोन लावला की यंत्र सकाळचे वर्तमानपत्र वाचून दाखवी. शहरातले साठेक अंध लोक ते रोज ऐकत. फोनची तार ज्या जुन्या कार्डात जाई ते नव्या यंत्रात बसत नव्हते आणि तसले कार्ड आता कुठे मिळत नाही. म्हणजे हेच यंत्र बंद करायचे, उचलायचे, तिकडे चालू करायचे. नाही झाले, तर फोनवाणी संपली.

"मागच्या ऑक्टोबरमध्ये रीस्टार्ट झालंय," पडद्याकडे पाहत हर्षिता म्हणाली. "म्हणजे उठतं."

"तेव्हा अण्णा होते. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास करंट जायचा आणि हे झोपायचं. अण्णा काय करायचे कोण जाणे, तासाभरात उठवायचे. आम्हाला कधी हात लावू दिला नाही."

खिडकीशी हेमलता बसली होती. ती शाळेत इतिहास शिकवते. तिला जन्मापासून दिसत नाही. फोनवाणीवर पेपर ऐकल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. हातातली घडीची काठी ती उघडत होती, मिटत होती.

"तूच असा घाबरलास तर मी काय करू?" ती म्हणाली. "शेजारच्या काकांना पेपर वाचायला सांगू? ते फक्त क्रिकेट वाचतात. तेही हरल्यावर नाही."

हर्षिता टेबलाखाली वाकली. मग तशीच वाकलेली बोलली, "एक मिनिट. इथे यूपीएस आहे. बॅटरी पण ओके आहे. मग करंट गेल्यावर मशीन बंद का पडायचं?"

सुमंतही वाकून पाहू लागला.

अहल्या कॉफीचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने तबक खाली ठेवले.

"करंट नाही जायचा," ती म्हणाली. "मी बंद करायची."

"काय अक्का?" सुमंत म्हणाला.

"आयुधपूजेला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. शिवणयंत्राला विश्रांती, स्कूटरला विश्रांती, विळीलासुद्धा. ह्यानं काय पाप केलंय? हे कोहळा आणायला बाजारात गेले की मी बटण दाबायची. कुंकू, लिंबू, आरती. मग परत बटण. ह्यांना कधी कळलं नाही."

"काकू, चालू करताना पासवर्ड वगैरे?" हर्षिताने विचारले.

"बटण आहे ना. स्वल्प घुरघुरतं, मग उठतं."

काठीचा आवाज थांबला होता.

"अक्का," हेमलता म्हणाली, "अण्णा मला आदल्या रात्री फोन करायचे. उद्या पेपर उशिरा ऐक, करंट जाणार आहे म्हणून. दर वर्षी."

"आदल्या रात्री?" अहल्याने विचारले.

"हो. मी एकदा विचारलं, तुम्हाला आधीच कसं कळतं? तर म्हणाले, आमच्या घरच्या करंटची वेळ ठरलेली असते."

अहल्याने पदराचे टोक घेतले आणि यंत्राचा माथा पुसला. धूळ नव्हती. दोन्ही कडा, मग पुन्हा माथा.

"सरी, करू या," ती म्हणाली आणि बटण दाबून धरले.

पंखा थांबला. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. सुमंतने लगेच बोट पुढे केले.

"एवढ्यात नको. आरतीपुरतं तरी राहू दे त्याला."

कॉफीवर साय धरली. मग अहल्याने पुन्हा बटण दाबले. यंत्र घुरघुरले, दिवा लागला. हेमलताने फोन केव्हाच कानाला लावला होता. ती एकदा लावून पाही, पुन्हा लावी. तिसऱ्यांदा पेपर ऐकू आला आणि तिची मान वर झाली.

"टोमॅटो उतरले," ती म्हणाली.

सुमंत जमिनीवरच बसला आणि गार कॉफी एका घोटात प्यायला. हर्षिता मोठ्याने हसली.

निघताना काठी उघडत हेमलता दारात थांबली.

"पण सुमंत, यंदा करंट कधी जाणार?"

सुमंतने अहल्याकडे पाहिले. ती पेले गोळा करत होती.

दुसऱ्या दिवशी यंत्र मल्लेश्वरमला पोचले आणि पहिल्याच बटणात उठले. वरचा कागद कोणी काढला नाही. आयुधपूजेच्या सकाळी वाचनालयाची किल्ली कोणाकडे असेल, हे अजून ठरलेले नाही.