तारखेची चिठ्ठी

माझा नवरा रफू करतो. कोटाला उंदीर लागू दे नाहीतर सिगारेटचं भोक पडू दे, ह्यांच्या हाताखालून गेला की कुठं फाटलं होतं ते मालकालाही सापडत नाही. मी काउंटरवर बसते. कपडा घ्यायचा, चिठ्ठी लिहायची, वर तारीख टाकायची. तीस वर्षांत दिलेली तारीख चुकली नाही, ह्याचा मला भारी तोरा.

आता समोर हृदयाचे सर्जन बसले होते आणि कागदावर चित्र काढून दाखवत होते. तीन नळ्या बंद. पंपिंग पंचवीस टक्के, धडधाकट माणसाच्या निम्म्याहून कमी.

"नुसत्या नळ्या बंद असत्या तर सरळ बायपास सांगितली असती," ते म्हणाले. "पण इथं हृदयच दमलंय. ते थांबवून, मशीन लावून ऑपरेशन केलं तर नंतर नीट उचल घेईल का, सांगता येत नाही. चालू हृदयावर करता येतं, पण मध्येच ब्लडप्रेशर कोसळू शकतं. स्टेंट एकाच नळीत बसेल. नाहीतर नुसत्या गोळ्या."

"चालू हृदयावर?" हे हसले. "म्हणजे गिऱ्हाइकानं कोट घालून चालायचं आणि मी मागून सुई घेऊन पळायचं!"

डॉक्टरही हसले. मला दोघांचाही असा राग आला म्हणून सांगू!

"नवी नळी कुठून आणता?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्याच पायातली शीर काढून."

"बरोबर. आम्हीपण धागा त्याच कपड्याचा घेतो, आतल्या दुमडीतला. पण डॉक्टर, भोकाभोवतीचं कापडच विरलं असेल तर टाका धरत नाही. असे कपडे मी परत करतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तेच बघायला स्कॅन केला. काही भाग झोपलाय, रक्त मिळालं तर जागा होईल. पण समोरचा हा भाग मेलाय. वर्षभरापूर्वी मोठा झटका येऊन गेलाय. तेव्हा दुखलं असेल ना?"

"छे, नाही बुवा," हे म्हणाले.

खोटं! सपशेल खोटं! तो दिवस मला मिनिटामिनिटानं पाठ आहे. "छातीत दाबल्यासारखं होतंय, डॉक्टरकडे जाऊन येतो," म्हणाले होते. मी म्हटलं, "गॅस असेल. आधी तो काळा कोट हातावेगळा करा, आज संध्याकाळची तारीख दिलीय मी." सोडा पाजला आणि बसवलं. घामानं निथळत होते बिचारे. कोटावर थेंब पडू नये म्हणून गळ्यात टॉवेल अडकवून टाके घालत राहिले. सहाला कोट तयार. गिऱ्हाईक आलं चार दिवसांनी.

"दुखलं होतं," मी म्हणाले. "मीच जाऊ दिलं नाही."

हे माझ्याकडे बघेनात. डॉक्टर म्हणाले, "आता ते उगाळून काय होणार? पुढचं ठरवा. केलं तरी धोका, नाही केलं तरी धोका."

"अहो, मी काय ठरवू? तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हीच सांगा की!" माझा आवाज चढला. "तुमचे वडील असते तर?"

"चालू हृदयावर केलं असतं, मशीन शेजारी तयार ठेवून. पण आदल्या रात्री मला झोप लागली नसती."

"करू," हे म्हणाले, जसं काही शर्टाची कॉलरच उलटायची होती. मी सही केली. काही झाल्यास आमची तक्रार नाही, असं छापलं होतं. विरलेला कपडा घेताना गिऱ्हाइकाकडून मीही हेच लिहून घेते. लिहून देताना कसं वाटतं ते मला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ह्यांना स्ट्रेचरवर घातलं. दारापाशी मी नर्सची बाही धरली.

"परत कधी आणाल? अंदाजे तरी तारीख सांगा हो."

"काही सांगता येत नाही, मावशी."

"असं कसं? काहीतरी सांगाल की नाही!"

ह्यांनी चादरीतून हात काढून माझं मनगट पकडलं. "अगं, तारीख नको मागू," म्हणाले. "सावकाश करू दे त्यांना."