दुर्बिणीतली बीज

पानशेत फुटलं त्या वर्षीची दिवाळी मी उरकली; साजरी केली असं म्हणवत नाही. आमचं धरण वेगळं, पण धास्तीनं आमच्या वसाहतीत पावसाळाभर बायका पाण्याकडे पाठ करून भांडी घासत होत्या, आणि पाणी तर दारातूनच दिसायचं, थेट मावळतीच्या डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं. त्याच्या तळाशी माझं माहेर आहे. धरण भरलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते, आणि माझ्या कडेवर बसून गाव सोडलेला माझा भाऊ हैबती जेमतेम पाऊल टाकायला लागला होता.

हाच हैबती मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि एका दिवाळीनंतर ‘मुंबईला गिरणीत काम बघतो’ म्हणून काठाकाठानं घाटाच्या वाटेला लागला, तो पुन्हा दिसला नाही. मुंबईला पोचल्याचं कुणी सांगितलं नाही, की घाटात कुणी पाहिल्याचंही नाही. त्याची बायको सगुणा पलीकडच्या काठावरच्या वाडीत एकटीनं शेत करायची आणि कपाळाला ठसठशीत कुंकू लावायची. त्या कुंकवासाठी मी काय करायचं ठेवलं होतं? सोळा सोमवार झाले, अळणी शुक्रवार झाले. चातुर्मासात कांदा-वांगं सगळेच सोडतात, मी पायातल्या वहाणा सोडल्या. देव ऐकतो याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण ऐकणाऱ्याला उत्तर द्यायला किती वेळ लागावा, एवढं मात्र अलीकडे पाठ टेकली की मनात यायचं.

आणि भाऊबीज. भाऊ दूर असेल तर बहिणीनं बीजेच्या चंद्राला ओवाळावं, ही आपली रीत. समोर भाऊ बसला असेल तर मात्र नुसत्या चंद्रावर भागत नाही. म्हणून दरवर्षी चंद्राला ओवाळणं हे माझ्यापुरतं चारचौघांत सांगणं होतं, की माझा भाऊ आहे, लांब आहे एवढंच.

अडचण असायची ती कोरीची. बीजेची कोर ती केवढी, सूर्याच्या पाठोपाठ डोंगराआड जायला निघालेली. साध्या डोळ्यांना सापडेस्तोवर बुडायचीसुद्धा. म्हणून यांची दुर्बीण. हे धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामावर होते, आणि एका परदेशी साहेबानं बंगला सोडताना ती यांना देऊन टाकली होती. माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब पितळी नळी आणि सागवानी तिवई. पण दोन वर्षांपासून यांच्या डोळ्यांवर सारा आला होता. पौडचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू. तेव्हापासून हे खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायची. उन्हं कलली की नळी अंगणात आणायची, घरातली ऊब जाऊन भिंग बाहेरच्या हवेइतकं गार होऊ द्यायचं. तिवईचे पाय जमिनीत रुतवायचे. उजेड असतानाच पलीकडच्या काठावरचा एकटा आंबा काचेत धरून, बाजूची चकती फिरवत फिरवत तो स्वच्छ करून घ्यायचा, म्हणजे संध्याकाळी नुसती नळी वर उचलली की कोर सापडते. भिंगाला पदर लावायचा नाही, धूळ मऊ कुंचल्यानं झाडायची, बुरशी धरू नये म्हणून पेटीत कापराची पुरचुंडी ठेवायची.

“देवापेक्षा हिचंच सोवळं कडक,” मी म्हणायची.

“देव चुका पोटात घालतो,” हे म्हणायचे. “भिंग नाही घालत.”

त्या काचेत सगळं उलटं दिसतं. तारे बघायच्या दुर्बिणी अशाच असतात म्हणे. डोंगर वरून खाली लोंबतो, आंबा मुळांनी टांगल्यासारखा, आणि पाणी या सगळ्याच्या वर. पहिल्यांदा मला भोवळ आली होती, पुढे सवय झाली. सगुणा आमच्याकडून वाडीला परत निघाली की दर खेपेला मी तिला काचेतून पार आंब्यापर्यंत पोचवायची. डोक्यावरची पाटी खाली आणि पाय वर, अशी ती टुकुटुकु चालत घरी जायची. निघताना पाटी उचलता उचलता हसायची. “वन्सं, मला उलटी धरू नगा. फराळ सांडंल समदा.”

त्या वर्षी ती पाडव्याला आली आणि पाटी उतरवायच्या आधीच बोलली.

“कोंडिबाकाका म्हनत्यात, बारा वर्सं भरली. पुनव झाली की दर्भाचा पुतळा करून जाळू, पिंड देऊ. त्यास्नी गती मिळंल म्हनत्यात.”

कोंडिबाकाका म्हणजे आमचे सख्खे चुलते. घरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता.

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हननार?” ती उंबऱ्यावरच बसली. “वन्सं, मी लई दमले. व्हय म्हना, न्हाई म्हना, पर कुनीतरी काय ते एकदा म्हना.”

पुतळा जळला की तिचं कुंकू पुसणार, बांगड्या फुटणार. मी देवापुढे बसले आणि एवढंच मागितलं, की बीजेला काहीतरी खूण दे. मीही दमलेच होते. पण मागताना वाटलं, या वेळी देईल.

भाऊबीजेला उन्हं कलली तशी मी नळी मांडली. हे खुर्चीत होते, सगुणा आत निरांजनाच्या वाती वळत होती. आंबा काचेत धरला, चकती फिरवली, आणि तो नेहमीसारखा टांगलेला, पानापानानं स्पष्ट झाला. त्याच्या वर पाण्याची पट्टी. त्या पट्टीत एक माणूस उभा होता. पाय खाली, डोकं वर.

कितीतरी वेळ मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. सरळ उभ्या राहिलेल्या माणसात वावगं काय असायचं? मग लक्षात आलं, मी काचेतून बघत होते.

“काचेत कुणी सरळ दिसतं का हो?” मी भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं.

“पाण्यातली सावली असेल,” हे म्हणाले. “सावली मुळात उलटी. काच तिला पुन्हा उलटवून सुलटी करते. काठावर बघ, सावलीचा धनी सापडेल.”

मी नळी केसभर सरकवली. काठ रिकामा होता. आंब्याचीही सावली पाण्यात होती, यांनी सांगितल्याप्रमाणे सुलटी, आणि वाऱ्यानं तिच्या चिंध्या होत होत्या. तो माणूस मात्र हलत नव्हता.

“सापडला?”

“हो,” मी म्हणाले. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं.

“मग झालं. मला वाटलं, तुझेही डोळे माझ्याच वाटेनं निघाले.”

मी पुन्हा डोळा लावला. आता तो बसला होता, पाटावर बसावं तसा मांडी घालून, तोंड आमच्याकडे करून. चेहरा ओळखू यावा इतकं जवळ ती काच काही आणत नाही. पण त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबली. हैबती लहानपणी असंच करायचा, मी अक्षता टाकल्या की टोपी पडेल म्हणून.

मी डोळा काढला. समोर उन्हानं चमकणारं पाणी, दुसरं काही नाही.

खूण मागितली होती. पण ही मी पदरात कशी घेणार होते? पाण्यातल्या भावाला ओवाळलं तर सगुणाला काय सांगायचं? मी ठरवलं, कुणालाच काही सांगायचं नाही. दरवर्षीसारखी कोर शोधायची, तिला ओवाळायचं, भाऊ लांब आहे. नळी वर उचलून डोंगराच्या कडेवर लावली, पेच आवळला आणि तबक आणायला आत गेले. देवापाशी निरांजन लावताना काडी तीनदा विझली.

तबक घेऊन बाहेर आले तेव्हा अंगणात उजेड मावळत आला होता. नळी पुन्हा खाली झुकलेली होती. सगुणा काचेला डोळा लावून वाकली होती, आणि तिनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला होता. शेतात कासोटा घालून राबणारी बाई ती. तिला असा पदर घेतलेला मी फक्त लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहिला होता, हैबती घरात आला की.

“सगुणा?”

ती हलली नाही. “वन्सं, किती वाट बघायला लावता? ओवाळा.”

“दिसला का चंद्र?” यांनी खुर्चीतून विचारलं.

“दिसला, दाजी.”

मी ओवाळलं. नळीचं तोंड जिकडे होतं तिकडे ओवाळलं, अक्षताही तिकडेच टाकल्या. वर आभाळाकडे मी पाहिलंच नाही. त्या दिवशी कोर दिसत होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर सगुणा निघाली. रात्री गाढ झोपली होती. इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा चढ संपल्यासारखा निवांत मी पाहिला नव्हता.

“काकास्नी सांगते, पिंड नगं,” ती म्हणाली. “जे मानूस घरी हाय, त्याचा पिंड कुनी घालत न्हाई.”

मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, असं वाटतं. पण मला बरं वाटलं होतं. कुंकू राहिलं, माझी व्रतं वाया गेली नाहीत, असंच मनात आलं. मीच मग थट्टा काढली. “जपून जा हो. उलटी धरणार आहे तुला.” ती नुसती हसली, पाटी डोक्यावर घेतली आणि काठाच्या वाटेला लागली.

ऊन चढल्यावर मी नळी मांडली. भिंगावरची धूळ कुंचल्यानं झाडली, चकती फिरवली. डोंगर लोंबत होता, आंबा टांगलेला होता. म्हसू धनगर शेळ्या घेऊन आंब्याखालून गेला. तो, त्याची घोंगडी, त्याच्या शेळ्या, सगळी पाय वर करून, नेहमीसारखी. त्याच्यामागून थोड्या अंतरानं सगुणा आली. पाण्यात नव्हती, वाटेवरच होती.

“पोचली का आंब्यापाशी?” यांनी खुर्चीतून विचारलं.

तिनं पदर कपाळावर ओढला आणि टांगलेल्या आंब्याशेजारून ती पुढे गेली. वर पाटी, खाली पाय, आणि पाटीतलं काही सांडत नव्हतं.