बेचाळीस पानांची इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. वजनाने भारी, स्वभावाने तापट. माझी लाकडी मूठ घामाने काळी पडली आहे आणि उष्णता कमीजास्त करायच्या चकतीवरचे आकडे कधीच पुसले गेले आहेत. त्यामुळे मी किती तापले आहे ते फक्त मला फिरवणाऱ्या मावशींना कळते. त्या ओल्या बोटाने मला चटकन शिवतात, 'चर्र' असा आवाज ऐकतात आणि मान डोलावतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझा तळ घासणाऱ्या बाईने त्यात स्वतःचा चेहरा पाहून केस सारखे केले होते, एवढे आठवते. तिथून मी थेट न्यायालयात आले. घाबरू नका, माझ्यावर खटला नव्हता! तळमजल्यावर वकिलांच्या कोटांची खोली आहे. मावशी ती सांभाळतात, आणि मी मावशींना सांभाळते. निदान माझे तरी तसे म्हणणे आहे.

किती कोट मी सरळ केले! पहिल्याच दिवशी घामाघूम झालेले नवे वकील माझ्यापाशी यायचे आणि ताठ होऊन वर जायचे. मध्ये एक वाफेची इस्त्री आली. नव्याचे नऊ दिवस संपले आणि ती पांढऱ्या कॉलरींवर गंजाचे पाणी थुंकू लागली. मला पुन्हा फळीवरून खाली काढले. त्या दिवशी मी जरा जास्तच तापले.

मग साथ आली. न्यायालय फोनवरून चालू लागले. वकील घरी बसून वर कोट आणि खाली पायजमा घालू लागले, आणि तो कोट चुरगळलेला असला तरी कोणाला दिसेना. माझ्यावर धूळ बसली. खरे सांगते, फार वाईट वाटायचे.

गिऱ्हाईक एकच उरले. शेजारच्या खिडकीत अर्ज घेणारे आवक कारकून. ते रोज सकाळी कापडी मास्क घेऊन यायचे आणि म्हणायचे, "मावशी, चांगली कडक फिरवा. गरम इस्त्रीपुढे जंतूंची काय बिशाद!" माणूस भला, पण नियमाला गोचिडासारखा चिकटलेला. बाहेरून आलेला प्रत्येक कागद ते एका झाकणाच्या पेटीत टाकत. तीन दिवस कागद पेटीत निजायचा, मगच पुढे जायचा.

एका शुक्रवारी दुपारी रुग्णवाहिका चालवणारी एक ताई त्या खिडकीशी आली. तिच्या वकीलबाई आजारी पडून घरात अडकल्या होत्या, म्हणून अर्ज तिने स्वतःच आणला होता.

मित्रांनो, गोष्ट अशी होती. ताईला दोन मुली होत्या आणि पोटात तिसरे बाळ वाढू लागले होते. ते तिला नको होते. ही गोष्ट ज्या देशात घडली, तिथला कायदा बारा आठवड्यांपर्यंत तिला गर्भपात करून घेऊ देत होता. पण साथीत सरकारने हुकूम काढला, की जी कामे थांबू शकतात ती दवाखान्यांनी बंद ठेवावीत. त्या यादीत कोणीतरी गर्भपातही घातला. ज्या दवाखान्यात ताई दिवसभर रुग्ण पोचवत होती, तिथेच तिला दार बंद! म्हणून ती न्याय मागायला आली होती. तिचे बारा आठवडे मंगळवारी संपत होते.

कारकुनांनी चिमट्याने अर्ज उचलला आणि पेटी उघडली. "बुधवारी पुढे जाईल. शनिवार-रविवार धरत नाही आपण."

"का हो?" ताई म्हणाली. "जंतूंनाही सुट्टी असते का?"

कारकुनांनी पेटीचे झाकण आणखी वर केले. ताईने हसून विचारले खरे, पण लगेच ती खिडकीशी वाकली. "साहेब, बुधवारी या कागदाचा मला काही उपयोग नाही. मंगळवारी सगळं संपतंय."

"नियम आहे हो, ताई. मी काय करू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब, तुमच्या मास्कचे जंतू इस्त्रीने मरतात ना?"

"मरतात की."

"मग कागदाचे काय जास्त शिकलेले असतात?"

कारकुनांनी पेटीकडे पाहिले, ताईकडे पाहिले. मग आमच्या खोलीत येऊन स्वतःच माझी पिन लावली. "करा, मावशी. पण लवकर. पाच वाजता न्यायाधीशबाई उठतात."

बेचाळीस पाने! उभ्या आयुष्यात मी इतक्या आनंदाने फिरले नव्हते. एकोणिसाव्या पानावर मात्र उत्साहाच्या भरात मी जरा रेंगाळले आणि बदामी डाग पडला. कारकुनांचा चेहरा पांढराफटक झाला, तरी ते कागद घेऊन जिन्याकडे पळाले.

न्यायाधीशबाईंनी तातडीने सुनावणी घेतली आणि ती आम्ही मावशींच्या फोनवर पाहिली. न्यायाधीशबाईंनी पहिल्यांदा डागच पकडला. "हे काय?"

मागे उभे असलेले कारकून म्हणाले, "इस्त्री, बाईसाहेब. या कागदाला तीन दिवस थांबता येत नव्हतं."

सरकारी वकील म्हणाले, "हे काम साथ संपेपर्यंत थांबू शकतं."

"साथ कधी संपेल?"

"ते सांगता येणार नाही, बाईसाहेब."

"आणि मंगळवार?"

सरकारी वकील घुटमळले. "तो... मंगळवारीच येईल."

वकीलबाई घरून खोकत खोकत हसल्या. मग नीट बोलल्या, आणि ताईसारख्या आणखी किती जणी दाराबाहेर अडकल्या आहेत तेही सांगितले. पाचला दहा मिनिटे कमी असताना आदेश झाला: अंतिम निकाल लागेपर्यंत या सेवेवरची बंदी उठवावी, सगळ्यांसाठी, आत्तापासून. ताईने मावशींना मिठी मारायला हात पसरले, साथ आठवली आणि दोघी दोन हातांवरून एकमेकींकडे बघत रडल्या, हसल्या.

सोमवारी सकाळी ताईचा फोन आला. "मावशी, शनिवारीच झालं. बरी आहे मी. मुलींनी चहा केलाय, साखर विसरल्यात, पण अगदी गोड लागतोय."

मित्रांनो, आज मी पुन्हा कोटांवर फिरते. माझी वायर झिजली आहे, तेवढी कोणी बदलली तर बरे होईल. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन एखाद्या खिडकीत बसलात, तर समोरच्या माणसाला 'थांबा' म्हणण्याआधी त्याच्याजवळ किती दिवस उरलेत, ते तेवढे विचारा.