नववीतला एनेमोना वारला

लोकोजा शहराच्या नदीमापन खात्यात एनेमोनाची बत्तीस वर्षं झिजली, आणि बढती आली ती अशी. घेतली तर श्रेणी नववी, पण पायरी दुसरी. नाही घेतली तर श्रेणी आठवीच, पण पायरी तेरावी. तेराव्या पायरीला पगार जरा जास्त, आणि तीन वर्षांनी पेन्शन बसणार ती शेवटच्या पगारावर. सरळ गोष्ट होती हो! पण घरी उफेदो होती ना.

"अहो ओजोमाचे बाबा," ती कडाडली, "चर्चच्या महिला मंडळात नवऱ्याच्या श्रेणीप्रमाणे बसवतात. अकरा वर्षं मी दाराशी बसतेय, चपलांजवळ. तुमची पायरी काय कपाळाला चिकटवू?"

"आणि म्हातारपणी खायचं काय? पहिल्या रांगेतली खुर्ची?"

"खाईन! मीठ लावून खाईन!"

एनेमोना माणूस भित्रा. फॉर्मच्या दोन कोऱ्या प्रती मिळाल्या होत्या. एकीत त्याने नववी श्रेणी लिहिली, दुसरीत तेरावी पायरी, आणि सोमवारी एक फाडू म्हणून दोन्ही खणात ठेवल्या. सोमवारी त्याला ताप भरला. शेजारच्या टेबलावरची लादिदी भारी कामसू बाई. शेवटची तारीख पाहून तिने दोन्ही प्रतींवर शिक्का मारून पाठवून दिल्या. कॉम्प्युटरला काय कळतंय? त्याने दोन एनेमोना केले.

महिन्याने तपासणी आली. नुसती कागदावर असून पगार घेणारी भुतं शोधायला दरवर्षी येते तशीच, श्रेणीवार टेबलं मांडून. आठवीच्या टेबलावर एनेमोनाने अंगठा दिला, जिवंत ठरला. तेवढ्यात नववीच्या टेबलावर त्याच्याच नावाचा पुकारा. जो जाणार नाही तो भूत! त्याने शिपायाची टोपी मागून घेतली, तिकडे गेला, तिथेही जिवंत ठरला.

दुपारी डोकी मोजली. नावं दोनशे बारा, डोकी दोनशे अकरा. यादीत एकच नाव दोनदा दिसलं, तशी तपासणीच्या ओयिझाबाईंनी त्याला बोलावलं.

"तुम्हा दोघांत एकजण जास्त आहे. कोण, ते तुम्हीच सांगा, मी बाहेरची. पाच मिनिटांत सांगा, नाहीतर दोघंही भूत."

एनेमोनाच्या डोळ्यांपुढे चपलांजवळ बसलेली उफेदो आली. मग तीच उफेदो म्हातारी होऊन, रिकाम्या पातेल्यात डाव फिरवताना दिसली.

"नववीतला," तो कसाबसा म्हणाला.

"अरेरे. कधी गेला?"

"आत्ताच."

"मग भूत नको लिहायला, उगाच चौकशी लागते. वारला लिहिते." आणि बाईंनी तसं लिहून टाकलं.

नोकरीत असताना माणूस गेला की खातं फोटोचं शोकपत्रक छापतं. लादिदीने वर्गणी फिरवली. एनेमोनानेही दिली, नाही कसं म्हणणार? फाटकावर त्याचा हसरा फोटो लागला. खाली ठळक अक्षरात: श्रेणी नववी. एक प्रत काखेत मारून तो जीव मुठीत धरून घरी गेला.

उफेदोने वाचलं. ती खरंखुरं रडली. त्यालाही भरून आलं. "माफ कर गं," तो म्हणाला, "तुझ्या पोटापायी त्याला मारला."

डोळे पुसून तिने हातोडी आणली आणि पत्रक बैठकीत मधोमध ठोकलं. रविवारी ते मंडळाला दाखवून आली. नववीची विधवा म्हणून मंडळाने तिला पहिल्या रांगेत बसवलं. तिला घ्यायला गेलेला एनेमोना दाराशी उभा राहिला, चपलांजवळ.

घरी आल्यावर तिने कोनफळाचा कुटलेला गोळा आणि माशाचा रस्सा वाढला. माशाचं डोकं, म्हणजे घरधन्याचा मान, मात्र फोटोखाली ठेवलं.

"अगं, मी इथे आहे!"

"दिसताय की," उफेदो म्हणाली. "थांबा जरा, आधी साहेबांचं होऊ दे."