सासरेबुवांचं पडणं

ठोसा मारण्याआधी त्याचा डावा खांदा पेरभर खाली जातो. सवयीच्या नजरेलाच ते दिसतं, पण खेळणाऱ्यांनी ते पहिल्याच आठवड्यात हेरलं. मारामारीच्या त्या गेममध्ये शेवटी येणारा हा खलनायक कुणाशी बोलत नाही, कुणाचं कौतुक करत नाही आणि हरला तरी पाठ फिरवून दारातून निघून जातो. म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं, सासरेबुवा.

आता सगळ्यांना सासरेबुवा होऊनच खेळायचं होतं.

गेम बनवणाऱ्या कंपनीत पात्रांच्या हालचाली ती बसवायची, म्हणून शेवटचा शब्द तिचा. प्रत्येक बैठकीत ती "बघते" म्हणून वेळ मारून नेत होती.

"मॅडम, ते 'बघते' आता शिळं झालं," गेमचा निर्माता म्हणाला. "संध्याकाळी फोन करतो. हो की नाही, एवढंच सांगा."

अडचण एकच होती. खेळणाऱ्याच्या हाती दिलेल्या पात्राला पडावं लागतं. पाठीवर, गुडघ्यांवर, तोंडावर. आणि सासरेबुवांचं अंग तिच्या बाबांचं होतं. आयुष्यभर ज्युदो शिकवलेल्या बाबांना तिनं हालचाली टिपणारा सेन्सरचा पोशाख घालून स्टुडिओत उभं केलं होतं. त्यांचा डावा खांदा धरलेला, म्हणून ठोशाआधी तो खाली झुकायचा. तो झुकाव तिला यंत्राची चूक वाटली आणि तिनं तो पुसला, तर पात्र लाकडी झालं. निमूटपणे परत आणावा लागला. पडणं मात्र टिपलंच नव्हतं. तेव्हा गरज नव्हती.

गेल्या महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले. तेव्हापासून घरात काही वाजलं की ती हातातलं टाकून धावायची.

घरी आल्यावर ती त्यांच्या गुडघ्याला तेल चोळायला बसली. हात नुसते चालत होते.

"काय म्हणतात तुझे सासरेबुवा?" बाबांनी विचारलं. "लग्न केलं नाहीस, पण सासरा बरा गळ्यात पडला."

"त्यांना खेळायला घ्या म्हणतात. मग पडावं लागेल. दुसऱ्या कुणाचं पडणं जोडता येईल."

"दुसऱ्याचं माझ्या अंगाला कसं बसेल?"

"बाबा, मला ते बघवणार नाही. पुन्हा पुन्हा."

बाबांनी गुडघा तिच्या हातातून सोडवला. "न्हाणीघरात डोकं का नाही फुटलं माझं? पोरांना पहिला धडा कसला द्यायचो मी? मारायचा नाही. पडायचा." त्यांनी हनुवटी छातीला लावली आणि तळहात गादीवर आपटला. खोलीभर आवाज झाला. ती दचकली. "हा हात पाठीच्या आधी पोचला पाहिजे. बघ नीट."

त्यांनी पुन्हा आपटला. आधी डावा खांदा पेरभर खाली गेला.

फोन वाजला. तिनं पदराला तेलकट हात पुसले आणि उचलला.

"घ्या सासरेबुवांना," ती म्हणाली. "त्यांचं पडणं मी बसवते."